क्षमाअक्कांचं विरजण

क्षमाअक्कांचं विरजण मी ब्लीचिंग पावडरीनं धुऊन टाकलं, तेव्हा त्या खूश होतील असं मला वाटलं होतं.

गेल्या वर्षी, शहाण्णव साली, मी राजाजीनगरात त्यांचा भाडेकरू झालो. अंबाजोगाईच्या कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेलो, आणि अक्कांचं जंतूंशी जुनं वैर. "जंतूंचं शिकलास? सरी, राहा," म्हणाल्या. कानडीत 'सरी' म्हणजे 'बरं'. एवढ्यावर खोली मिळाली.

उंबरठा, न्हाणी, ओटा, सगळीकडे फिनेल आणि सगळीकडे एकच फडकं. मी एकदा म्हणालो, "अक्का, ओलं फडकं बादलीत कोंबलं की जंतू त्यातच वाढतात. न्हाणीतून ओट्यावर त्यांची रोज सहल निघते."

"फिनेल आहे की त्यात!"

"आधी घाण धुवायची, मग फिनेल. घाणीवर ओतलं तर नुसता वास दबतो."

"वास गेला ना? मग जंतूही गेला."

माझी पदवी तिथेच संपली.

शेजारच्या श्रीविद्याबाई फिनेल आणतच नसत. फडकी उकळून उन्हात वाळवत. म्हणून अक्कांच्या लेखी ते घर गलिच्छ. तिथलं पाणीसुद्धा त्या पीत नसत.

त्या मंगळवारी अक्का बनशंकरीच्या देवळात गेल्या होत्या. ओट्यावर एक आंबूस वाटी दिसली, तळाशी चमचाभर पांढरं. शिकलेला माणूस मी. ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवलीच.

"अरे हरी! आईनं लग्नात दिलेलं विरजण रे ते! एकतीस वर्षं खंड नाही!" देवळातून परतलेल्या अक्का ओरडल्या.

"अक्का, तेही जंतूच होते," मी हळूच म्हणालो.

"ते माझे होते!"

रघुपतीअण्णांचं, म्हणजे त्यांच्या यजमानांचं, जेवण दहीभाताशिवाय संपत नसे. दुकानातलं दही अक्कांना चालेना. "कुणाचे हात लागलेत कोण जाणे!" राहिलं एकच घर. मला कुंपणाकडे ढकलून त्या खिडकीआड उभ्या राहिल्या.

"माझ्या गलिच्छ घरातलं चालेल का त्यांना?" श्रीविद्याबाईंनी खिडकीला ऐकू जाईल असं विचारलं. मग वाटी दिली. "स्वल्पच देते. वाटी दह्यानं भरून परत यायला हवी. आणि तू नाही, त्यांनी स्वतः आणायची."

दुसऱ्या दिवशी दही असं घट्ट लागलं की अण्णांनी दोनदा भात घेतला. "आज हात बदलला वाटतं?" अक्कांनी त्यांच्या पानात आणखी दही वाढलं. संध्याकाळी मात्र चुलीवर पातेल्यात फडकं उकळताना दिसलं. मी वर्तमानपत्रात डोकं घातलं. खोली सोडायची नव्हती.

त्याला आता महिना झाला. अक्का रोज ती वाटी दह्यानं भरतात, कुंपणापर्यंत जातात आणि परत येतात. "उद्या देते," म्हणतात. ते दही रात्री माझ्या पानात पडतं.

सकाळी श्रीविद्याबाई मलाच विचारतात, "काय रे, माझी वाटी?"