दोन बागांतला शुक्रवार

आयर्लंडमधल्या एका लहानशा गावातल्या बागेत मी दर शुक्रवारी जातो. आयर्लंड मात्र अजून पाहिलेलं नाही.

बायको नर्स आहे. दीड वर्षापूर्वी तिला तिकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि ती लेकीला घेऊन गेली. मी इकडे कतारमध्ये, दोह्यातच, अल मुंतझामधल्या दोन खोल्यांत राहिलो. माझं कंत्राट संपलं की मीही जायचं, असं ठरलं होतं. शुक्रवारी मला सुट्टी. तिकडे लेकीची शाळा सुटली की त्या दोघी त्यांच्या बागेत आणि मी व्हिडिओ कॉल लावून, फोन हातात धरून घराजवळच्या बागेत, अशी आमची फेरी सुरू होते.

इथे संध्याकाळी पाचलाही ऊन टोचतं. मी वाटेच्या मधोमध चालतो, म्हणून मागून धावत येणारे "यल्ला, यल्ला" करत मला बाजूला काढतात. तिकडे तळं, बदकं, ओले बाक आणि पाऊस थांबलाय की नाही यावर एकमत न होणारी माणसं. फाटकाजवळची फरशी उचकटली आहे, तळ्याच्या कठड्याचा एक गज गेला आहे, हे मला इथून ठाऊक आहे. ऑफिसात दिवसभर इमारतींची ड्रॉइंग तपासतो. चुका काढायची खोड सुट्टीच्या दिवशी कुठे जाणार?

"तिला कठड्यापासून लांब ठेव," मी ओरडतो.

"तूच ये आणि धर तिचा हात," बायको म्हणते.

त्या शुक्रवारी मात्र माझं लक्ष कठड्यावर नव्हतं. आदल्या दिवशी मी आणखी दोन वर्षांच्या कंत्राटावर सही करून बसलो होतो, बायकोला न विचारता. बेचाळिसाव्या वर्षी तिकडे मला कोण दारात उभं करणार, ही भीती. इथे निदान लोक सर म्हणतात. आता तिला सांगणं भाग होतं. त्या दोघी तळ्यापाशी पोचेपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा हवापाण्याचं विचारलं.

लेक सात वर्षांची आहे. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. त्यावरून मी तिला फार छळलं आहे. त्या दिवशी तिनं आईच्या हातून फोन घेतला, काठीला बांधलेल्या एका रोपासमोर उभी राहिली आणि पाठ करून आल्यासारखी म्हणाली, "बाबा, मी आणि आईनं हे झाड लावलं. हे आमचं झाड आहे."

मला भरून आलं. अख्खं वाक्य मराठीत, एकही इंग्रजी शब्द नाही. पण तेवढ्यावर गप्प बसलो तर मी कसला!

"आमचं नाही गं, आपलं म्हणायचं. आपलं झाड."

तिनं कपाळाला आठी घातली. "नो बाबा. आई सेज, आपलं इज व्हेन यू आर ऑल्सो देअर." मग मला नीट कळावं म्हणून सावकाश मराठीत म्हणाली, "तू नव्हतास."

इतके दिवस ती 'वी' म्हणायची. वी वेन्ट टु द पार्क, वी सॉ अ स्वॉन. त्या 'वी'मध्ये मी खुशाल स्वतःला धरून चालत होतो. मराठीत बोल, मराठीत बोल, असा हट्ट माझाच होता. फार एकटं वाटलं. आजूबाजूला सगळी बाग माणसांनी भरली होती.

"बरोबर आहे तुझं," मी म्हणालो. "आईला दे फोन."

आणि सांगून टाकलं. सही, दोन वर्षं, सगळं. कारणंही द्यायला लागलो, पण ती माझी मलाच पटेनात. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिच्या चिडण्याशी मला भांडता येतं. तिनं फोन बगलेत धरला असावा, कारण पडद्यावर नुसतं ढगाळ आभाळ होतं आणि लेकीच्या जॅकेटची चेन ओढल्याचा आवाज आला. मग बायकोचा चेहरा दिसला.

"बरं," ती म्हणाली. "पाऊस येतोय. आम्ही निघतो."