मास्तरांचं अर्थिंग

मालवणजवळच्या मसुऱ्यात काशिनाथ मास्तरांना कुणीच शहाणं वाटत नसे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून त्यांनी एकच अनुमान काढलं होतं, की गाव ढ आहे. वायरमन ढ, वीज कार्यालयातला साहेब महाढ, आणि मे महिन्यात मुंबईहून येणारे चाकरमानी तर ढ असून वर इस्त्रीचे कपडे घालणारे. थोरली बहीण अक्का तेवढी सुटली होती, तीही मास्तर तिच्या हातचं जेवत म्हणून.

अक्का विधवा होऊन माहेरी आली ती गावातल्या बायकांच्या मिरच्या कांडून, मालवणी मसाला करून देत स्वतःचं पोट भरत राहिली. भावाच्या मिंधेपणात राहायचं नाही, हा तिचा बाणा. पण यंदा तिचा खांदा धरला आणि मुसळ उचलेना. मिरच्या सुकून तयार, पाऊस तोंडावर, आणि बायका मालवणच्या गिरणीची वाट धरणार हे दिसत होतं. एकदा तिकडे गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

मास्तरांनी फोंडाघाटातून कांडपाचं जुनं यंत्र आणलं. मोटर निघाली थ्री फेजची, आणि घरात वीज साधी. शंकर वायरमनने मोटरीवर टिचकी मारली.

"मास्तरांनू, ही मोटार तुमच्या घरात फिराची नाय."

"मोटार फिरतली. तुझी अक्कल फिराची नाय," मास्तर म्हणाले आणि त्याला वाटेला लावलं.

त्यांनी एक ड्राइव्ह मागवला. हा डबा घरातली साधी वीज घेतो आणि मोटरीला हवी तशी तीन तारांची करून देतो. मास्तरांनी पुस्तिका वाचून मोटरीतल्या जोडणीच्या पट्ट्या बदलल्या, तारा जोडल्या, आणि मोठ्या पिनांच्या सॉकेटात पिन खोचली. मोटरीच्या अंगावर उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची हिरवी तारही जोडायला विसरले नाहीत. सगळं बिनचूक आहे, असं ते स्वतःच दोनदा म्हणाले.

आता नव्या यंत्राच्या पूजेचा पहिला मान कुणाचा? मास्तरांचं घराणं मानकऱ्यांचं. देवळातल्या मानापायी त्यांनी सख्ख्या चुलत भावांशी बोलणं टाकलं होतं. त्यामुळे हा मान त्यांनी फार मोठ्या मनाने अक्काला दिला. कुणीही माणूस आधी पूजा करील, मग बटण दाबील. पण अंगणात बायका मिरच्यांच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या, आणि मास्तरांना त्यांच्यासमोर फिरत्या यंत्राची पूजा हवी होती. त्यांनी बटण दाबलं. मोटर गुणगुणू लागली. अक्काने अनवाणी पुढे होऊन भिजवलेल्या हळदीचं बोट मोटरीला टेकवलं, आणि ताट एकीकडे, ती एकीकडे पडली.

मास्तरांनी धावत जाऊन पिन काढली. अक्का उठून बसली. शेजारची तुळसा पिशवी उचलून म्हणाली, "माझी मिरची मी मालवणाक नेतंय." बाकीच्याही तिच्यामागून गेल्या.

"शंकऱ्यान अर्थिंग केलेला ह्या," मास्तर गरजले आणि त्याला शिव्या घालत हिरव्या तारेच्या मागे मागे निघाले. तार भिंतीवरून न्हाणीकडे, तिथून विहिरीकडे गेली आणि पंपाच्या पाइपाला छान तीन वेढे घालून थांबली. पाइप प्लास्टिकचा होता. लोखंड गंजतं एवढंही गावाला कळत नाही, असं म्हणत गेल्या उन्हाळ्यात मास्तरांनीच तो बदलला होता आणि तारही स्वतःच्या हाताने गुंडाळली होती. प्लास्टिकमधून वीज जात नाही, हे त्यांनी निम्म्या गावाला शिकवलं होतं.

मागे अक्का हात चोळत उभी होती. "ह्यो पायप बदललो कोणी?"

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिवी द्यायला कुणी उरलं नव्हतं.

शेवटी शंकरलाच बोलावावं लागलं. त्याने खड्डा खणला, मीठ-कोळसा घालून अर्थिंगची पट्टी पुरली, हिरवी तार तिला जोडली आणि दिवा लावून तपासून दाखवलं.

अक्काने घरोघर जाऊन बायकांना पुन्हा बोलावलं. त्या आल्या, पण अंगणाच्या कडेलाच थांबल्या. अक्काने बटण दाबलं आणि हळदीचं ताट भावापुढे धरलं.

"मानकरी मां तू? पयलो मान तुझो. चपला काढ."

मास्तरांनी चपला काढल्या. बायकांकडे न बघता हळदीत बोट बुडवलं आणि मोटरीला टेकवलं. काही झालं नाही. तुळसाने तेवढं पाहिलं आणि पिशवीचं तोंड सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पहिली मिरची आली. अक्काने बटण दाबलं आणि बाजूला उभी राहून आत हाक मारली, "काशिनाथा."

मास्तर चपला न घालताच बाहेर आले आणि त्यांनी मोटरीला बोट टेकवलं.