मैत्रिणीचा फ्लेक्स

चौकातला तो फ्लेक्स मी उतरवला. हाताने नाही, तक्रार करून. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कुणी मला बिचारी समजणार नाही.

फ्लेक्स माझ्या मैत्रिणीचा होता. आम्ही दोघी एका वर्गातल्या, आणि बेकायदा फ्लेक्सविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्या आठ-दहा पोरापोरींच्या गटातल्याही. पत्रकं मी लिहायची. ‘नागरिकहो, हा रस्ता कुणाच्या वाढदिवसासाठी नाही’ हे वाक्य माझं. शाहूपुरीत दुकानादुकानांत जाऊन ती वाटायचं काम तिचं, कारण तिच्या हातून कागद घेताना माणसं हसायची आणि माझ्या हातून घेताना ‘ठेवा तिकडं’ म्हणायची. तेव्हा मला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग परदेशातल्या स्वयंसेवेची जाहिरात आली. पोर्तुगालमधलं समुद्राकाठचं छोटं गाव. तीन आठवडे किनारा साफ करायचा, शाळेच्या भिंती रंगवायच्या. राहणं, खाणं, विमान सगळं त्यांच्याकडून. आमच्या कॉलेजातून एकच जागा. दोघींनी अर्ज केले. ‘तुम्हाला का यायचं आहे’ यावर एक पान लिहून द्यायचं होतं. लिहायचं म्हटलं की तिला घाम फुटतो, म्हणून दोन्ही पानं मीच लिहिली.

माझ्या पानात मी पृथ्वी वाचवली. श्रीमंत देशांना जाब विचारला, शेवटी तीन मागण्यासुद्धा केल्या. तिच्या पानात काय लिहायचं सुचेना, म्हणून तिच्या वडिलांच्या म्हशी लिहिल्या. संध्याकाळी दूधकट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देणारा बाप, पेल्यावरचा फेस, आणि लोकांनी टाकलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या म्हशीच्या तोंडात जायच्या आत पळत जाऊन उचलणारी लहान मुलगी. हे तिनेच कधीतरी बोलता बोलता सांगितलेलं. अर्ध्या तासात पान झालं. माझ्या पानाला मी चार दिवस घातले होते.

निवड तिची झाली. मी माझ्याच लिहिण्याकडून हरले. याविरुद्ध पत्रक कसं काढायचं?

बॅग घ्यायला ती मलाच घेऊन गेली. निळी घेऊ की राखाडी, असं विचारत होती. मी राखाडी म्हटलं, कारण निळी छान होती. भरलेली बॅग तिच्या वडिलांनी पेंडीच्या दुकानातल्या काट्यावर नेऊन ठेवली. दोनदा चटणीची पुडी बाहेर काढली, दोनदा परत आत घातली. दुकानदाराने विचारलं, पोर्तुगालला पोरगी जाणार हाय का चटणी? सगळे हसले. मीही हसले, गाल दुखेपर्यंत. रोज मी फोनवर पोर्तुगालच्या त्या गावाचं हवामान बघायची. पाऊस दाखवला की बरं वाटायचं.

जायच्या आदल्या दिवशी तिच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांनी चौकात फ्लेक्स लावला. वडिलांनीच लावायला सांगितला होता. मधोमध पासपोर्टच्या फोटोतली ती, डोक्यावरून विमान, आणि पोर्तुगालला जाणाऱ्या पोरीच्या मागे आयफेल टॉवर. ‘आमच्या गल्लीची वाघीण निघाली सातासमुद्रापार.’ खाली शुभेच्छुकांच्या गोल गोल मुंडक्यांची ओळ. ती मला हळूच म्हणाली, “पप्पांस्नी आता कसं सांगू, आपण ह्याच्याच विरुद्ध पत्रकं वाटतोय म्हणून?” मी म्हटलं, राहू दे, त्यांना वाईट वाटेल. हे म्हणत असतानाच डोक्यात तक्रार लिहून झाली होती.

सकाळी तिची मुंबईची गाडी सुटली. दुपारी मी फ्लेक्सचा फोटो काढून महापालिकेच्या तक्रारीच्या ॲपवर टाकला. तत्त्व म्हणजे तत्त्व.

त्याच चौकात, दोन खांब सोडून, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स सिग्नल झाकून उभा होता. त्याच्याविरुद्ध आम्ही कितीदा लिहिलं होतं. वाढदिवस होऊन गेला, पुढचा जवळ आला, कुणी हात लावला नाही. म्हशीवाल्याच्या पोरीचा फ्लेक्स मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच उतरला. महापालिकेची गाडी आली, दोन माणसं चढली, सुतळी कापली, फ्लेक्स गुंडाळला, गेली. गाडी उभी केली होती ती पुढाऱ्याच्या फ्लेक्सच्या सावलीत.

संध्याकाळी तिच्या वडिलांनी मला कट्ट्यावर बोलावून घेतलं. ते धार काढत होते. मान न वळवताच बोलायला लागले. त्यांच्या मते हे काम पुढाऱ्याच्या माणसांचं होतं.

“जळत्यात, पोरी. म्हशीवाल्याची पोरगी विमानात बसली, बघवंना त्यांस्नी. तू झ्याक लिवतीस. एक कागद लिवून दे, उद्या गल्लीभर वाटतो.”

मी वही काढली. ‘नागरिकहो’ एवढं लिहिलंसुद्धा. पत्रक जोरदार झालं असतं. पुढारी दोषी होताच, सिग्नल झाकलेला होताच. सगळं खरं लिहून मला माझं एक काम लपवता आलं असतं, आणि ते कागद मीच वाटले असते. काका वाट बघत होते. लिहिलेला शब्द मी खोडला.

“काका, तक्रार मी केली.”

धार थांबली नाही. चरवी भरली, त्यांनी उभ्या गिऱ्हाइकाला पेला दिला, हात पुसले. मग माझ्याकडे बघितलं.

“का गं?”

तत्त्वाचं सांगायला तोंड उघडलं आणि बाहेर भलतंच आलं. “मला जायचं होतं.”

एरवी मी कट्ट्यावर गेले की न मागता पेला पुढे यायचा. त्या दिवशी आला नाही.

“फ्लेक्स घिऊन ये परत,” ते म्हणाले. “गोठ्यावर टाकाय हुईल. आणि तिला तू सांगायचं. मी न्हाय सांगणार.”

जप्तीच्या मालाच्या गोदामात सकाळभर हुज्जत घालून मी फ्लेक्स परत मिळवला. तक्रार तुमचीच आणि फ्लेक्सही तुम्हालाच पाहिजे, म्हणून तिथला माणूस हसत होता. गोठ्याच्या पत्र्यावर पसरताना खालची ओळ पहिल्यांदा नीट बघितली. तालमीच्या पोरांच्या मुंडक्यांत शेवटचं मुंडकं माझं होतं. तक्रारीसोबत जोडलेल्या फोटोतही ते होतंच. तिच्या मोठ्या चेहऱ्यावरून माझी नजर खाली उतरलीच नव्हती.

रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे समुद्र, हातावर रंगाचे डाग, ऊन लख्ख. पाऊस नव्हताच. मी एका दमात सगळं सांगितलं आणि शिव्यांची वाट बघत बसले. शिव्या परवडल्या असत्या.

“पहिल्या दिवशी हितं सगळ्यांसमोर माझं पान वाचून दाखवलं,” ती म्हणाली. “म्हशींचं. लोक उभं राहून टाळ्या वाजवाय लागले. हे मी लिहिलेलं न्हाय, असं सांगायचं धाडस झालं न्हाय मला. तेवढा फ्लेक्सच माझा होता की गं. आयफेल टॉवरवाला का असंना.”

 

ती परत आली तेव्हा मी स्टँडवर गेले. राखाडी बॅगेचं एक चाक तुटलं होतं, म्हणून मी ती उचलून रिक्षापर्यंत नेली. ती माझ्याशी बोलते. पत्रकंही वाटते. पुढाऱ्याचा फ्लेक्स अजून तिथेच आहे, फक्त फोटो नवा. त्याच्यावर आम्ही दोघींच्या नावाने तक्रार टाकली आहे आणि दर सोमवारी परत टाकतो.

पण आता ती ‘पान लिहून दे’ म्हणत नाही. परवा एका शिष्यवृत्तीसाठी तिने चार दिवस बसून स्वतः लिहिलं. मी बघू म्हटलं, तर हसली आणि कागद पिशवीत घातला. पोर्तुगालवरून माझं जळणं आता कमी झालंय. त्या पिशवीतल्या पानावरचं मात्र कमी होत नाही.