अथेना आमच्या गावात हरली

दुष्काळाच्या साली आमच्या शाळेत ग्रीकांचं नाटक बसवलं होतं, खोटं न्हाय सांगत. परंड्याकडचं आमचं एवढंसं गाव, प्यायचं पाणी टँकरनं येतंय, आणि मी सातवीतली पोरगी डोक्यावर शिरस्त्राण म्हणून जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं उलटं घालून अथेना झाले. अक्कल देणारी देवी. तिच्यासोबत घुबड असतं, पण ते गुरुजींनी काढूनच टाकलं, नायतर म्हाताऱ्या उठून गेल्या असत्या.

गोष्ट अशी, की एका नव्या शहराला कुणाचं नाव द्यायचं यावरनं अथेना आणि समुद्राचा देव भांडतात. तो त्रिशूळ आपटून झरा काढतो, ती ऑलिव्हचं झाड देते. झाड जिंकतं, म्हणून शहराचं नाव अथेन्स. मला फक्त ते नाव पुकारलेलं ऐकायचं होतं. त्यासाठी घोकून घोकून आईचं डोकं खाल्लं होतं मी.

पण गुरुजींना ऐनवेळी हौस आली. ते गावातल्या शेतकऱ्यांच्या सोसायटीच्या सभेचं कामकाज लिहून द्यायचे ना, तर स्टेजवरनंच म्हणाले, "निवाडा गावच करंल. हात वर करा."

माझा चुलतभाऊ समुद्राचा देव. त्यानं त्रिशूळ आपटला, पडद्यामागनं कुणीतरी घागर ओतली आणि अख्खं गाव पुढं सरकलं. मी घाईघाईनं लिंबाचा डहाळा पुढं केला, ऑलिव्ह म्हणून. गुरुजी घाबरले. म्हणाले, "झरा खारा हाय बरं का, समुद्राचा."

"असू द्या की गुरुजी," मागनं एक आजोबा म्हणाले, "जनावरं तर धुता येत्याल."

सगळे हात झऱ्याला. मी गर्दीत आईला शोधलं. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडून आलेली, तरी तिचा पण हात वर. झऱ्याला.

"ठराव मंजूर," गुरुजी म्हणाले. सवयच ती. शहराला समुद्रदेवाचं नाव पडलं आणि पडदा पण पडला.

घरी येताना मी आईशी बोलेना. शेवटी रडतच म्हणलं, "तुझी पोरगी होती की गं. तुझं एक मत बी न्हाय?"

"अगं, झाड दिलंस तू," आई म्हणाली. "त्याला पाणी कुणी घालायचं? मीच ना?"

"ते कमी पाण्यावर जगतं. गुरुजींनी सांगितलंय."

आई थांबली. "मग तिथं का न्हाय बोललीस? एवढी अकलेची देवी झालतीस."

आणि हसाया लागली, रस्त्यातच, पोट धरून. त्या सबंध सालात आई तशी हसलेली मला तेवढीच आठवते. मग डोक्यावरचं पातेलं सावरत मी पण हसले.