कात्री कोणी नेली

संगणक दुरुस्त करणाऱ्याला सगळे ‘हेडमास्तर’ म्हणत, कारण त्याच्या लेखी सारं जग नापास होतं. कुठल्याही दारातून आधी त्याची तुच्छता आत शिरायची, मग तो, आणि शेवटी त्याची बॅग.

त्या सोमवारी तो भरतकामाच्या दुकानात शिरला तेव्हा दोघी जावा त्याचीच वाट पाहत होत्या. संगणकावर नक्षी मांडायची आणि यंत्राकडून कापडावर उठवून घ्यायची, हे काम धाकटीचं. सकाळपासून नक्षीचा प्रोग्रामच उघडत नव्हता. अमुक फाइल सापडत नाही, असं पडद्यावर आलं होतं.

“हिनंच शनिवारी संध्याकाळी फोटोंचा प्रोग्राम काढून टाकला,” थोरली म्हणाली. “आता हिनं काजं-बटणं करावीत. संगणकावर मी दुसरी बाई बसवते.”

तीन वर्षं खपून धाकटीनं ती खुर्ची मिळवली होती.

हेडमास्तर खुर्चीत बसला. “पण इथे तर आता फाइल खराब आहे असं म्हणतंय.”

“आमच्या ह्यांनी इंटरनेटवरून त्याच नावाची आणून टाकली. फुकट मिळाली,” थोरली म्हणाली.

“रस्त्यात पडलेली गोळीही फुकटच मिळते. नाव जुळलं म्हणून गिळाल?” त्यानं भिंतीकडे बोट केलं. “ती कात्री कोणाची?”

“सगळ्यांचीच. एकच तर आहे.”

“ही फाइलही तशीच. चार प्रोग्राम मिळून एक वापरतात. एक जण जाताना ती घेऊन गेला की बाकीचे हात चोळत बसतात. सकाळी संगणक सांगत होता, कात्री नाही. तुमच्या ह्यांनी पत्र्याची आणून टांगली. आता तो सांगतोय, ही कापत नाही. प्रोग्राम पुन्हा बसवा, असं खाली स्वच्छ लिहिलंय. पण वाचायचं म्हटलं की माणसांना ताप भरतो.”

त्यानं ती परकी फाइल उचलून फेकली, व्हायरस तपासला आणि कंपनीच्या मूळ डिस्कवरून प्रोग्राम नव्यानं बसवला. यंत्राची सुई टकटकू लागली.

“झालं ते हिच्यामुळेच ना?” थोरलीनं विचारलं.

काय कधी काढलं याची नोंद त्याच्यासमोर उघडी होती. फाइल गेली होती शनिवारी दुपारी तीन वाजता, जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रामबरोबर. त्या वेळी खुर्चीत तोच बसला होता. ही फाइल दुसऱ्यांनाही लागत असेल, काढू का, असं संगणकानं विचारलं होतं. तो फोनवर कुठल्याशा गिऱ्हाइकाची अक्कल काढत होता. न बघताच त्यानं ‘होय’ दाबलं होतं.

ती नोंद त्या दोघींना वाचता येणार नव्हती. तो पडद्याकडे बघत राहिला. एरवी गिऱ्हाइकांकडे बघायचा, त्याच नजरेनं.

“नाही वहिनी. हा गाढवपणा माझा.”

“तुमचा?”

“मी शनिवारी प्रिंटरचा प्रोग्राम काढला, तेव्हा गेली. हिचा काडीचा संबंध नाही. हिला उठवायचं असेल तर दुसरं निमित्त शोधा.”

थोरलीनं तोंड वाकडं केलं आणि गठ्ठ्यातलं कापड उगाचच झटकलं.

“आता तुम्हीच उठा,” धाकटी हेडमास्तरला म्हणाली. “खोळंबलंय माझं काम.”

तो उठला.