उपवासाला न चालणारी गोळी

डॉक्टरांनी आईला विचारलं, "हिला असं होतं तेव्हा ही तोंडाचं काही करते का? ओठ हलवते, चावल्यासारखं करते?"

आईचा चेहरा खुलला. इतका वेळ इस्पितळाच्या बाकावर ती अंग चोरून बसली होती. आता पदर सावरून ताठ झाली आणि म्हणाली, "करती ना! देवी पान खाती. आमी लगेच इडा देतो तिच्या तोंडात."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते माझ्याकडे वळले आणि इथल्या क्रिओल बोलीत म्हणाले, "सा पा बोंद्ये, मामझेल. सा एन मालादी." हा देव नाही, हा आजार आहे.

हे १९७६ साल. मी एकवीस वर्षांची होते आणि गेली सात-आठ वर्षं आमच्या गावाची देवी होते.

आमचं गाव समुद्रापारच्या एका बेटावर, रोझ बेलच्या अलीकडे, उसाच्या मळ्यांत. बाबा साखर कारखान्यात बॉयलरवर होते. घरातली सत्ता मात्र थोरल्या मामांची. मामा गावच्या मराठी मंडळींचे म्होरके, त्यांच्याशिवाय गोंधळ उभा राहायचा नाही. पणजोबा कोकणातून उसाच्या मळ्यात मजुरीच्या करारावर आले तेव्हा सोबत देवीचा टाक घेऊन आले, असं मामा सांगत. भाषा अर्धी विसरली, गावाचं नाव विसरलं, पण देवी विसरली नाही. त्यामुळे मी शाळेत असताना एका गोंधळात ढोलक ऐन रंगात आलं असता माझी नजर थिजली आणि ओठ हलू लागले, तेव्हा मामांनी टाकोटाक ओळखलं. देवी समुद्र ओलांडून आली होती, आणि उतरायला तिला आमचंच घर सापडलं होतं.

मी शुद्धीवर आले तेव्हा आई माझे पाय चेपत होती. आईनं मला तसं कधी शिवलं नव्हतं. आम्ही पाच भावंडं, तिचा हात फक्त केस ओढून वेणी घालायला किंवा पाठीत धपाटा द्यायला. त्या दिवशी ती माझ्या पावलांवर डोकं टेकवून रडत होती. मला फार छान वाटलं. हे सांगायला लाज वाटते, पण वाटलं ते वाटलं.

मग दर महिन्या-दोन महिन्यांनी तेच. मी ओठ हलवायची, काहीबाही पुटपुटायची आणि मामा त्याचा अर्थ लावायचे. कुणाचं लग्न जमेल, कुणाची गाय आटेल. मला त्यातलं अक्षर आठवत नसे. एकदा कुणीतरी शंका काढली म्हणून मामांनी माझ्या तळहातावर कापूर पेटवला. मी हूं की चूं केलं नाही. ते पाहून शंका घेणाऱ्यानं सपशेल लोटांगण घातलं. जाग आल्यावर मात्र मी पाण्यात हात बुडवून किंचाळत होते, आणि सगळे हात जोडून उभे होते. मलम कुणीच आणलं नाही. देवीला भाजत नाही.

तो हात चिघळला म्हणूनच आम्ही इस्पितळात गेलो होतो. डॉक्टरांनी ईईजी करायला सांगितला. डोक्याला तारा चिकटवतात आणि मेंदूत चाललेली वीज कागदावर उमटते. दुखत नाही, नुसतं पडून राहायचं. पण मशीन होतं वेड्यांच्या इस्पितळात. तिथल्या फाटकातून आत जाताना आईनं मला आपल्या पदराखाली घेतलं. कुणी ओळखीचं पाहील म्हणून. देवीची आई ती, तिला वेड्याची आई व्हायचं नव्हतं.

निदान आलं, टेम्पोरल लोब एपिलेप्सी. कानाच्या वरच्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो, तिथून सुरू होणारं फेफरं. यात माणूस दर वेळी धाडकन पडून हातपाय झाडतोच असं नाही. नुसता हरवतो, ओठ चावतो, कपडे चाचपतो. आधी एक सूचना येते, तिला ऑरा म्हणतात. मला जळका वास यायचा आणि पोटातून भीती वर चढायची. मामा म्हणत, तो देवीचा धूप. कापणीच्या दिवसांत तर आमच्याकडे सगळीकडे उसाचा पाला जळत असतो. खरा वास कुठला, डोक्यातला कुठला, हे मला आजही चटकन कळत नाही.

फेनोबार्बिटोनच्या गोळ्या सुरू झाल्या. मेंदूतली वीज शांत करणारं औषध. त्यानं मीही शांत झाले, जेवता जेवता पेंगायला लागले. पण फेफरं जवळजवळ थांबलं. डॉक्टरांनी आईला पुनःपुन्हा बजावलं होतं, "एक वेळ जेवण चुकलं तरी चालेल, गोळी चुकता कामा नये. एकदम बंद केलीत तर पोर हातची जाईल."

आईनं मान डोलावली. आमच्याकडे मान डोलावणं म्हणजे ऐकलं, एवढंच. मानलं असं नव्हे.

पुढच्या वर्षी नवरात्र आलं. घट बसायच्या आदल्या दिवशी मामा पडवीत येऊन बसले. "बाय, उपासात परकं काय बी पोटात जाव नये. दोक्तेरचं मेद्सिन म्हंजी काय, त्यात हाडं असतात का दारू असती, कुनाला ठावं? नऊ दिस राहू दे. देवी काय तुला मारनार हाय?"

आता हसू येतं. उपवासाला साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, गोळी चालत नाही! पण तेव्हा डॉक्टरांचा शब्द एका बाजूला, मामांचा दुसऱ्या बाजूला. माझा स्वतःचा शब्द कुठेच नव्हता. आईनं गोळ्या कपाटात ठेवून किल्ली कनवटीला लावली.

पाचव्या माळेला गोंधळ होता. पुढचं मला आठवत नाही, बाबांनी नंतर तुटक तुटक सांगितलं. देवी आली. गेली. लगेच परत आली. मध्ये मी शुद्धीवर येतच नव्हते. याला स्टेटस एपिलेप्टिकस म्हणतात, फेफरं संपता संपत नाही. मेंदू त्यात होरपळतो, माणूस मरतो. मांडवात मात्र आनंदीआनंद होता. देवी इतका वेळ कधी थांबली नव्हती. लोक घरून बायकापोरांना बोलावून आणत होते, प्रश्न विचारत होते, ढोलक जोर धरत होतं. माझे ओठ निळे पडले तेव्हा बाबा उठले. जन्मभर मामांपुढे खाली मान घालणारा माणूस. त्यांनी मला खांद्यावर टाकलं, शेजाऱ्याची मालवाहू गाडी काढायला लावली आणि इस्पितळ गाठलं. गोंधळ अर्धा मोडला म्हणून मामा पुन्हा बाबांशी बोलले नाहीत. बाबा गेले तेव्हाही आले नाहीत.

मी वाचले. हे वाक्य अशा अनुभवांत आनंदाचं असतं. मी वाचले, पण सगळी वाचले नाही. मी प्राथमिक शाळेत मराठी शिकवायला नुकतीच लागले होते. परत गेले तर शिकवता शिकवता शब्द गळून पडायचे. फळ्यासमोर खडू धरून उभी राहायची आणि 'ओंजळ' हा शब्द सापडायचा नाही. पोरं आधी हसली, मग घाबरली. वर्गातही दोनदा फेफरं आलं. मला सामानाच्या खोलीत बसवलं, वह्या-खडू वाटायला. मी अजून तिथेच आहे.

लग्नाचं विचाराल, तर देवी अंगात येणाऱ्या मुलीला कुणी मागणी घालत नव्हतं, भीतीनं. फेफरेवाल्या मुलीलाही घालत नव्हतं, किळसेनं. दोन्हीकडून एकच.

औषध बदललं. फेनिटॉइननं हिरड्या सुजल्या, त्यानंतरच्या गोळ्या बऱ्या निघाल्या. पण खरा आजार गोळीच्या आवाक्यात नव्हता. मला स्वतःचा भरवसाच राहिला नव्हता. राग आला तर वाटायचं, हा राग माझा की मेंदूतल्या विजेचा? देवळापुढून जाताना डोळे भरून आले तर वाटायचं, ही परत येतेय की काय? बाजारात भोपळा घेतानाही मी बाबांच्या तोंडाकडे बघायची. इतकी वर्षं माझ्या तोंडून दुसरंच कुणी बोलतंय असं सगळ्यांनी सांगितलं, मीही मानलं. मग माझं म्हणून जे काही होतं, ते कुठे शोधायचं?

मी हे डॉक्टरांना एकदाच बोलून दाखवलं. ते म्हणाले, "गोळीनं फेफरं थांबतं. हे थांबवायला माझ्याकडे गोळी नाही." मग म्हणाले, "पण हात भाजला तेव्हा दुखलं कुणाला?" एवढंच. पुढच्या वर्षी ते नोकरी सोडून कुटुंबासह परदेशी गेले. नवे डॉक्टर चांगले आहेत, मान वर न करता गोळ्या लिहून देतात.

तुमच्या घरात कुणी असं ओठ हलवत हरवून जात असेल, तर कृपा करून पान देऊ नका. घशात अडकतं. कुशीवर वळवा आणि डॉक्टरकडे न्या. देवाला मानायचं तर माना, मी कोण अडवणार? गोळीही द्या. आणि त्या माणसाला विचारा, तुला काय वाटतं? मला हे कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं. मी सुटले असते असं नाही म्हणत. बरं झालं असतं.

देवी माझ्यातून गेली म्हणून आईनं मला माफ केलं नाही. भावंडं आपापल्या संसाराला लागली होती, बाबा गेल्यावर घरात आम्ही दोघीच उरलो. ती स्वयंपाक करायची, वाढायची, पण पाय चेपले ते चेपले, पुन्हा हात लावला नाही. नवरात्रात मी घटासमोर बसून सगळ्यांदेखत गोळी घ्यायची. बायका माझ्या हातचा प्रसाद घेईनाशा झाल्या. तिथून उठल्यावर मी परसात जाऊन ओकायची, इतकी घाबरायची. पण घ्यायची.

१९८६ मध्ये आईची मूत्रपिंडं निकामी झाली. मधुमेह जुना होता, तिनं कुणाला दाद लागू दिली नव्हती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, फार काही करता येणार नाही. मी संध्याकाळी भेटीच्या वेळेला जाऊन बसायची. एक दिवस तिनं माझा हात धरला. इतक्या वर्षांनी. तिचा हात सुजून उशीसारखा झाला होता.

"बाय, आज मेद्सिन खाव नको."

"का गं आई?"

"येक दिस. तिला इचारायचं हाय, मी घरी जाईन का."

मला रडूच फुटलं. गोळी न घेताही ते जमलं असतं, हे माझ्या मनात येऊन गेलं. डोळे मिटायचे, ओठ हलवायचे, पुटपुटायचं. पुढे सांगायला मामा नव्हते, मीच सांगितलं असतं की जाशील, घरी जाशील. ती सुखानं गेली असती. आणि जाण्याआधी तिनं पुन्हा एकदा माझे पाय धरले असते.

मी म्हटलं, "आई, ती कधी आलीच नव्हती गं. मीच होते. तुला काय विचारायचं ते मला विचार. मी आहे इथं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग हात सोडवून घेतला.

"तू नको," ती म्हणाली. "तिला बोलव."

आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं. माझी गोळीची वेळ झाली होती. मी तिच्या उशाच्या पाण्यानं गोळी घेतली आणि भेटीची वेळ संपली म्हणून परिचारिका मला उठवायला येईपर्यंत तिच्या पाठीकडे बघत बसून राहिले.

त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही. दोन दिवसांनी गेली. मी बरोबर केलं की चूक, ते मला ठाऊक नाही, आणि विचारायला आता कुणी नाही. पण त्या दिवशी मी खूप रडले, आणि ते रडणं कुणाचं आहे, असा प्रश्न मला पडला नाही.