दुसरा ड्रायव्हर मनोरला चढला

आमच्या घरात देवालाच जागा नाही, तिथे भुताला कुठून मिळणार? त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

वरसाव्याला हायवेलगत एका ट्रान्सपोर्टच्या यार्डात मी ऑफिस सांभाळतो. ड्रायव्हरने दिवसाला आठ तासच गाडी चालवावी असा कायदा आहे, म्हणून लांबच्या फेरीला आमच्याकडे दोन ड्रायव्हर असतात. सुरतेच्या ट्रेलरवर एक जाधव, रत्नागिरीचा, नवा. दुसरे गायकवाड मामा — जे गेल्या वर्षी स्टिअरिंगवर डुलकी लागून गेले. कागदावर अजून ड्युटीवर आहेत. कोणी कुरकुर केली की शेठ सांगतात, "दुसरा वाटेत चढेल." जुने ड्रायव्हर हसतात. जाधवने ते खरं मानलं.

त्या दुपारी यार्डात रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम होता. मंडप, नारळ, 'झोप आली? थांबा!' असा बॅनर. शेठ शाल पांघरून विश्रांतीचं महत्त्व सांगत असतानाच जाधवचा ट्रेलर सुरतेहून आला. एका दमात रिव्हर्स, भिंतीला समांतर. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणी उतरेना, म्हणून मी वर चढलो.

ड्रायव्हरची सीट रिकामी. जाधव मागच्या बर्थवर गाढ झोपलेला... हलवून हलवून उठवावा लागला.

"गाडी कोणी लावली रे?"

"मामांनी. वाटेत मनोरला चढले ना. म्हणाले, सरक, आता माझी ड्युटी."

"कसले मामा?"

"मानेवर ओला नॅपकिन, तोंडात लवंग. तुम्हीच तर पाठवले, साहेब."

गायकवाड मामा झोप घालवायला हेच करायचे. जाधवला कोणीतरी सांगितलं असेल, मी स्वतःला समजावलं. गाडी त्यानेच अर्धवट झोपेत आणली असेल. गेटचा कॅमेरा पाहिला — ट्रेलरच्या पुढच्या काचेवर नुसतं ऊन.

शेठना सांगितलं. "फिर तो अच्छा है," ते म्हणाले. "कल भी अकेला भेजो."

सकाळी जाधव खुशाल निघाला. "झोप झाली का?" विचारलं, तर म्हणतो, "मनोरपर्यंत रेटतो. पुढे मामा आहेतच."

मग मात्र राहवलं नाही. मामा कसे गेले ते त्याला सांगितलं. तो केबिनच्या पायरीवरच बसला. म्हणाला, "तरीच. मी आडवा होताना मामा विचारत होते, माझा बदली ड्रायव्हर कधी येणार?"

जाधव नोकरी सोडून गावी गेला. त्या दिवशी गाडी कोणी आणली, मला आजही सांगता येत नाही. मामांना काय उत्तर द्यायचं, तेही नाही.